8 महिने रोज बेस्टने, दादर टीटी ते सीएसएमटी

गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि दादर स्टेशनचे जिने नको झाले, म्हणून लोकल सोडून बेस्टची, म्हणजे मुंबई महापालिकेची, बस धरली. त्याला आता 8 महिने झाले. लोकलने जिथे 20 मिनिटं लागायची तिथे बसने पाऊण तास लागतो, भायखळ्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला अडकलो तर तासही होतो, ज्याला घड्याळ गाठायचंय त्याने हे आधीच धरून चालावं. पण मला बसायला जागा मिळते आणि खिडकी मिळते, आणि त्या खिडकीमुळेच हे लिहायला बसलोय.

झालं असं की रोज "टीटी, टीटी" ऐकून एक दिवस डोक्यात आलं, टीटी म्हणजे काय? तर ट्रॅम टर्मिनस! ट्रॅम बंद होऊन 60 वर्षं उलटली तरी आपण अजून तिचंच नाव घेऊन उतरतो. मुंबईची शेवटची ट्रॅम 31 मार्च 1964 ला बोरीबंदर (म्हणजे आजचं सीएसएमटी) ते दादर अशी धावली, म्हणजे माझे जे रोजचे दोन टोकं तेच तिचे. माझे आजोबा लालबागला रहायचे, ते सांगायचे की त्या रात्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, तेव्हा मी नीट ऐकलं नाही, आता लालबाग आलं की रोज आठवतं.

मग नादच लागला. आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, ते बघून आलो, जुनी तिकिटं, तिकीट पंच करायची यंत्रं, सगळं जपून ठेवलंय, मुलांना घेऊन जाच. सुरुवात 1874 ची, 9 मेला घोड्याची ट्रॅम, कुलाबा ते पायधुणी, भाडं 3 आणे. ते लवकरच 2 आण्यांवर आणलं. 1907 ला विजेची ट्रॅम आली आणि घोडे गेले. बस मात्र बरीच उशिरा, 15 जुलै 1926, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. पुढे 1937 ला डबल डेकर, आणि 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ट्रॅम, बस आणि वीज सांभाळणारी ही बेस्ट कंपनी महापालिकेकडे आली. बेस्ट (BEST) या नावातला टी तोपर्यंत ट्रामवेजचा होता तो ट्रान्सपोर्टचा झाला. मधे ट्रॉलीबसही होती, वरच्या तारांमधल्या विजेवर चालणारी, 1962 ते 1971, ती फारशी कोणाला आठवत नाही.

आता भाड्याचं. 2019 ला कमीत कमी तिकीट 5 रुपये केलं तेव्हा बसला खरंच गर्दी परत आली, मे 2025 मध्ये ते 10 झालं, एसीचं 6 वरून 12. मला पास परवडतो, पण लालबाग-परळला दोन-दोन स्टॉपसाठी चढणाऱ्या बायका बघतो, घरकाम करून येणाऱ्या, त्यांच्यासाठी दुप्पट म्हणजे दुप्पटच. पूर्वी बेस्टच्याच वीजविभागाच्या कमाईतून बसचा तोटा भरून निघायचा म्हणून तिकीट आवाक्यात राहायचं, तो आधार सुटला आणि ओझं प्रवाशावर आलं असं माझं स्पष्ट मत आहे. एकेकाळी 4000 च्या वर असलेल्या बस आता 3000 च्या आत आल्यात, त्यातही भाड्याने घेतलेल्या जास्त. शहर वाढतंय आणि बस कमी होतायत, हे मला पटत नाही, बेस्टच्या स्वतःच्या गाड्या वाढल्याच पाहिजेत.

नवीन इलेक्ट्रिक एसी बस चांगल्या आहेत, आवाज नाही, धूर नाही, पायरी खाली असल्यामुळे माझ्या गुडघ्याला तर वरदानच. रविवारी नातीला घेऊन ए-115 ने सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जातो, ती इलेक्ट्रिक डबल डेकर, वर पुढची सीट मिळाली तर बघायलाच नको. जुनी लाल डिझेलची डबल डेकर सप्टेंबर 2023 ला बंद झाली, तिच्या वरच्या उघड्या खिडकीतला वारा एसीत नाही, नातीला तो कसा सांगायचा कळत नाही. पण समोरच्या पाटीवर बसचा नंबर अजून मराठी आकड्यात असतो, आणि नात आकडे तिथेच वाचायला शिकली, गेल्या महिन्यात तर लांबूनच ओरडली, "आजोबा, आपली आली!"