ट्यूबलेस पंक्चर किट आणि चार्जिंगचा पंप : नऊ महिने वापरल्यानंतर

माझी आई माणगावला असते. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी करत महिन्यातून दोनदा तरी मी मोटरसायकलवर जाते, बहुतेक वेळा एकटीच. घाटात बराच वेळ रेंज नसते आणि पंक्चरवाला वेळेला सापडेलच असं नाही. म्हणून फेब्रुवारीत साडेतीनशेचं पंक्चर किट आणि बावीसशेचा चार्जिंगवर चालणारा हवेचा पंप घेतला. गाडी १५० सीसीची, अलॉय व्हील, दोन्ही टायर ट्यूबलेस.

किट आणल्यावर आमच्या पंक्चरवाल्या काकांकडून एक जुना टायर मागून आणला आणि पार्किंगमध्ये त्यात खिळा ठोकून तीनदा पट्टी, म्हणजे भोक बुजवायची चिकट रबरी दोरी, भरून बघितली. पहिल्या वेळी अर्धा तास लागला. सुई ओढताना पट्टीही बाहेर आली. हे घरी झालं ते फार बरं झालं.

जूनमध्ये, पहिल्या पावसात, घाट उतरून विळ्याच्या अलीकडे मागचं चाक डुलायला लागलं. थांबून पाहिलं तर तारेचा तुकडा तिरका घुसलेला. साडेसहा वाजलेले, अंधारून आलेलं. रस्त्यापासून आत सपाट जागा बघून गाडी मेन स्टँडवर घेतली. पक्कडीनं तार ओढली आणि हवा फुस्सकन गेली. आता टोचा, म्हणजे भोक साफ करायची खरखरीत सळई, आत घालायचा तर चाकच फिरायला लागलं. तेव्हा आठवलं, काकांनी सांगितलं होतं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाक. टाकली, चाक घट्ट झालं. तार ज्या तिरकसपणे गेली होती त्याच दिशेनं टोचा घातला, वरखाली घासून भोक साफ केलं, रुमालानं जागा पुसली, सोल्युशन लावलेली पट्टी सुईत ओवून अंगाचा भार देऊन ढकलली. दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहिली की थांबायचं आणि सुई एका झटक्यात ओढायची. पट्टी आत राहिली. हवा भरल्यावर थुंकी लावून बघायचीही गरज पडली नाही, टायर ओलाच होता आणि बुडबुडा एकही नव्हता.

पंपानं रिकामं चाक ३० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) भरायला सात मिनिटं घेतली. आवाज मोठा, नळीचं पितळी टोक चांगलंच तापतं, हातमोजा घालूनच काढा. काढताना थोडी हवा जाते, म्हणून मी दोन पीएसआय जास्त भरते. त्याच्यातला दिवा मात्र मनापासून आवडला. त्या उजेडातच मी सगळं आवरलं. आईला उशिराचं कारण घरी पोचल्यावरच सांगितलं.

तक्रारी दोन. उन्हाळ्यात किट सीटखाली होतं, एप्रिलमध्ये उघडून पाहिलं तर सोल्युशनची ट्यूब वाळून कडक झालेली. नवी घेतली नसती तर जूनमध्ये ती नव्हतीच. दुसरी, पंप न वापरता पडून राहिला तरी चार्जिंग उतरतं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार्जिंगला लावते आणि तेव्हाच टायरची हवा तपासते.

हे किट सगळ्या गाड्यांना चालत नाही. ऑगस्टमध्ये चुलतभावाची स्पोकच्या चाकांची गाडी निजामपूरजवळ बसली. तिच्या टायरात ट्यूब. तिथे पट्टीचा काही उपयोग नाही, चाक उतरवून ट्यूबच काढावी लागते. पंपानं हवा भरत, दर दोन किलोमीटरला थांबत आम्ही गाडी दुकानापर्यंत नेली. टायरची बाजू फाटली असेल तरी पट्टी मारू नका, ती धरत नाही.

पंक्चर सोडून मला सर्वात जास्त भीती क्लच वायरची वाटते. सप्टेंबरमध्ये जुन्या वायरीच्या शेजारीच नवी वायर टाकून झिप टायनं बांधून घेतली. तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची. शिवाय स्पार्क प्लग, प्लग पाना, चेन लॉक (चेनची टोकं जोडणारी कडी), दोन फ्यूज आणि इन्सुलेशन टेप एका जुन्या डब्यात असतात. ११२ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हे नंबर कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवलेत.

जूनमधल्या त्या पट्टीवर गाडी चार हजार किलोमीटर चाललीय, हवा उतरत नाही. तरी काका म्हणतात, टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ भोकात बसणारा छत्रीसारखा रबरी पॅच, मारून घे. पुढच्या शनिवारी जातेय.