मिथाइलफेनिडेट आणि गाडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान मला चाळिशीत झालं आणि त्यावरचं मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू होऊन आता बरेच महिने झाले. लोक विचारतात ते ऑफिसच्या कामाबद्दल. मला मात्र गाडीबद्दल लिहायचंय, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडला आणि सगळ्यात जास्त सांभाळावंही तिथेच लागतं.

छत्रपती संभाजीनगरहून वाळूजला रोज जाताना पूर्वी माझी तंद्री लागायची. झोप नव्हे. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर आणि मन भलतीकडेच. पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट दिसायचे, पण पाय ब्रेकवर जायला उशीर व्हायचा. डोस बसल्यावर हे खूपच कमी झालं. आरशात नजर आपसूक जाते, डावीकडून घुसणारा दुचाकीवाला वेळेत दिसतो. सुन्नपणा नाही, वेगाची झिंगही नाही. (डोस बदलला की पहिले काही दिवस मी गाडीला हात लावत नाही; चक्कर येऊ शकते, नजर धूसर होऊ शकते.)

२०१७ साली अमेरिकेत एडीएचडी असलेल्या २३ लाखांहून अधिक लोकांच्या विम्याच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच माणसाचे औषध चालू असलेले आणि नसलेले महिने ताडून पाहिल्यावर, औषधाच्या महिन्यांत वाहन अपघाताचा धोका पुरुषांत ३८ आणि स्त्रियांत ४२ टक्के कमी दिसला.

अडचण आहे ती गोळी उतरण्याच्या वेळेची. सुरुवातीला मला साधी गोळी होती, तिचा असर तीन-चार तास. दुपारची गोळी नेमकी शिफ्ट सुटताना उतरायची. तेव्हा लक्ष पूर्वीसारखं पांगतंच, वर चिडचिडही होते. कुणी कट मारला की त्याला गाठावंसं वाटतं, आणि संध्याकाळच्या वाळूज रस्त्यावर ही भावना फार धोक्याची. डॉक्टरांना हे तासांच्या हिशोबानं सांगितलं, तेव्हा त्यांनी सावकाश विरघळणारी, दहा-बारा तास चालणारी गोळी दिली. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅनियल कॉक्स यांनी किशोरवयीन मुलांवर सिम्युलेटरमध्ये हेच तपासलं होतं: साध्या गोळीपेक्षा लांब असराच्या गोळीवर संध्याकाळनंतरचं ड्रायव्हिंग चांगलं राहिलं. माझ्या मते गाडी चालवणाऱ्यानं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आपल्या जाण्यायेण्याच्या वेळा सांगाव्यात. बहुतेकदा ते विचारत नाहीत.

समृद्धी महामार्गावर मात्र गोळी असूनही मी जपून असतो. गावातल्या गर्दीत, घाटात लक्ष बांधलेलं राहतं. इथे ना सिग्नल, ना रिक्षा, आणि १२०ची मुभा. कॉक्स यांच्याच एका छोट्या अभ्यासात एडीएचडी असलेली मुलं ऑटोमॅटिकपेक्षा हाताच्या गिअरवर जास्त लक्ष देऊन चालवताना दिसली. माझीही गाडी हाताच्या गिअरची आहे आणि शहरात त्याचा उपयोग जाणवतो. पण समृद्धीवर तासन्‌तास टॉप गिअरच असतो, त्यामुळे तोही आधार जातो. म्हणून नागपूरला जाताना सकाळी गोळी घेऊनच निघतो, वाटेत थांबतो आणि अंधार पडायच्या आत पोचतो. रात्री चालवायचं म्हणून उशिरा जादा गोळी घेणं डॉक्टरांनी साफ नाकारलं, आणि ते पटलं: झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी अपुऱ्या झोपेनं स्टिअरिंगवर बसावं लागतं. भूकही मरते, म्हणून दुपारचा डबा मी घड्याळ बघून खातो.

शेवटची गोष्ट पुरवठ्याची. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यामुळे ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही आणि कधी साठाच नसतो. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच मी चिठ्ठी घेऊन ठेवतो. तरीही खंड पडलाच, तर तेवढे दिवस गाडी घरी आणि मी कंपनीच्या बसमध्ये.