मढईच्या नावावर फसलो, रनिंग-कयाकिंगचं पॅकेज घेण्याआधी वाचा

इंदूरहून सुट्टीत मुलांना घेऊन ट्रेल रनिंग आणि कयाकिंगला जायचं ठरवत असाल तर कृपा करून हे पूर्ण वाचा. आमचे ३४,४०० रुपये गेले, आणि पैशापेक्षा जास्त म्हणजे भर मे महिन्यात सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन सव्वातीनशे किलोमीटर जाऊन आम्ही एका मुगाच्या शेतात उभे राहिलो.

मी चार वर्षांपासून दर रविवारी इंदूरजवळच्या रालामंडल टेकडीच्या चढावर पळायला जाते. मुलगी चौदा वर्षांची आहे, मागच्या वर्षी भोपाळच्या बड्या तलावावर मुलामुलींना कयाकचा, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होडीचा, सराव करताना बघितलं तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही, मुलगा नऊचा, त्याला ताई करेल ते सगळं करायचं असतं. तर मला पळायला जंगलाची पायवाट हवी, मुलीला मोठं पाणी आणि सासूबाईंना जरा झाडी-सावली. इंदिरासागर धरणाच्या काठच्या हनुवंतियाला पाणी भरपूर पण मेमधलं ते उघडं ऊन आईंना झेपलं नसतं, पचमढीची हवा छान पण मुलीचं म्हणणं तिथे समोर मोठं पाणी कुठाय. मग मढई, म्हणजे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाची देनवा नदीकडची बाजू. तिथे खरोखरच पायी सफारी आणि कनूची फेरी होते, आणि हेच तर आम्हाला फसवणाऱ्या माणसाने वापरलं, अर्धी गोष्ट खरी असली की बाकीच्या अर्ध्यावर आपण शंका घेत नाही.

जाहिरात मोबाईलवर आली. "फॅमिली ट्रेल अँड कयाक कॅम्प", नदीकाठी कॉटेज, कॉटेजच्या पायरीशी लागलेल्या दोन पिवळ्या कयाक, तीन रात्री पाच जणांचे ३६,००० रुपये. मी फोन केला, हिंदीत बोलायला लागले तर समोरचा माझं आडनाव ऐकून लगेच मराठीवर आला, "ताई, आपण पण मराठीच, आजोळ इंदूरचं, रामबागेतलं." खरं सांगते, तिथेच मी सैल पडले. आपल्याकडे इंदूरात मराठी बोलणारा भेटला की घरचाच वाटतो, त्यात त्याला रनिंगमधलंही कळत होतं, बारा किलोमीटरचा लूप, एवढा चढ, मध्ये पाण्याचा एक पॉइंट, असं सगळं पटापट सांगत होता. मी रूटची जीपीएक्स फाइल, म्हणजे घड्याळात किंवा फोनवर टाकून वाट बघता येते ती, मागितली तर नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाला फाइल कॅम्पवर देतो, जंगलाचा रूट आहे ना ताई, बाहेर देता येत नाही. मला पटलं.

पैसे तीन वेळा गेले. आधी अ‍ॅडव्हान्स १८,०००, ते एका माणसाच्या नावावरच्या यूपीआयवर, मी विचारलं रिसॉर्टच्या नावाने का नाही, तर म्हणे करंट अकाउंटचं काम चालू आहे. मग आठ दिवसांनी वनविभागाच्या परमिटचे ६,४००. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी कयाकचं डिपॉझिट १०,०००, परत मिळणारं. त्या वेळी बॅगा भरून झाल्या होत्या, मुलगा नवीन बूट घालून घरात फिरत होता, अशा वेळी कोण नाही म्हणेल? तो नेमका तेव्हाच मागतो.

त्याच संध्याकाळी मी एक प्रश्न विचारला होता, मुलासाठी लाईफ जॅकेट कुठल्या साइझचं आहे. तो म्हणाला, "फ्री साइझ आहे ताई, सगळ्यांना बसतं." हे ऐकून मी फोन ठेवून बुकिंग रद्द करायला हवं होतं. लाईफ जॅकेट वजनाप्रमाणे असतं, लहान मुलाला मोठ्याचं घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं, म्हणून लहानांच्या जॅकेटला बरेचदा पायांमधून जाणारा पट्टा असतो आणि घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघतात, हनुवटीच्या वर गेलं तर ते जॅकेट त्या मुलाचं नाही. मुलीने हे सगळं मला व्हिडिओ दाखवून शिकवलं होतं. मला माहीत होतं आणि तरी मी "बरं बरं" म्हणाले, याचं मला अजून वाईट वाटतं.

पहाटे चारला निघालो, आष्टा, भोपाळचा बायपास, नर्मदापुरम, मग सोहागपूर. तिथून पुढे त्याने दिलेल्या लोकेशनवर गाडी डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागली आणि मॅपवरची बाई म्हणाली तुम्ही पोचलात. दोन्ही बाजूंना हिरवागार मूग, गुडघ्याएवढा, एक पाण्याचा पाइप आणि एक खाट. फोन लागत होता, उचलत नव्हता. खाटेवरचे काका उठून आले, गाडीत डोकावून आईंकडे बघितलं आणि म्हणाले, "यहाँ कोई रिसॉर्ट नहीं है मैडम, इस महीने आप तीसरी गाड़ी हो." त्यांनी आईंना आधी पाणी दिलं. मुलगी खाली उतरलीच नाही, मांडीवर तो पॅडलचे हातमोजे ठेवायचा डबा घेऊन तशीच बसून राहिली.

नंतर त्याचा मेसेज आला, "काहीतरी गैरसमज झाला, रिफंड करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका." मी रडवेली, टाकतच होते, नवऱ्याने हातातून फोन घेतला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन म्हणजे पैसे जाणार, हे घरातल्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा.

तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, घरी आल्यावर सायबर क्राईमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकले. आदल्या संध्याकाळचे १०,००० त्या खात्यात अडकवून ठेवलेत असं कळलं. आधीचे २४,४०० पुढे निघून गेलेत. म्हणून पैसे गेल्यागेल्या फोन करा, लाज वाटून दोन दिवस घरात बसू नका, तेवढ्यात ते चार खाती फिरून येतात.

त्या रात्री सोहागपूरच्या एका साध्या लॉजवर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी मढईच्या घाटावर गेलो. तिथे उभं राहिल्यावर मला जाहिरातीतल्या फोटोतली खोट कळली. देनवाचं हे पाणी म्हणजे तवा धरणाचं मागे साचलेलं पाणी, आणि उन्हाळ्यात तवाच्या कालव्यातून मुगाला पाणी सोडतात, म्हणजे मेमध्ये ते कितीतरी उतरलेलं असतं, काठाला भेगा पडलेल्या चिखलाचा रुंद पट्टा दिसतो. फोटोत मात्र पाणी गवतापर्यंत, झाडांच्या मुळांपर्यंत भरलेलं होतं. तसं ते पावसाळ्यानंतर दिसेल, मेमध्ये कॉटेजच्या पायरीशी कयाक लागणं शक्यच नाही. तेव्हा धरणाकाठचं काहीही उन्हाळ्यासाठी बुक करताना त्याच आठवड्याचा व्हिडिओ मागा, बोलणाऱ्याचा आवाज त्यात पाहिजे, आणि काठ दाखवायला सांगा.

ट्रेलचंही तसंच. व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव जंगलात, कोणी तुम्हाला पहाटे पाचला एकटं पळायला सोडत नाही, सातपुड्यात अस्वलं आहेत, बिबटे आहेत, पायी जायचं तर वनविभागाची परवानगी आणि सोबत गाईड. जो "प्रायव्हेट जंगल ट्रेल" म्हणतो त्याला विचारा, कुठल्या गेटने, बफर (कोअरच्या बाहेरचा पट्टा) की कोअर, गाईड कोण. खरा माणूस एका वाक्यात सांगतो. आणि परमिटचे पैसे असे परस्पर कुणाच्या खात्यावर देऊ नका, वनविभागाच्या ऑनलाइन बुकिंगवर किंवा गेटवरच चौकशी करा.

परवा मुलीने मला फोन दाखवला. तेच पिवळे दोन कयाक, तीच पायरी, नाव बदललंय, आता लिहिलंय गांधीसागर, चार रात्री, फॅमिली ऑफर, आणि खाली नंबर वेगळा. मी तो पण १९३० ला कळवला आहे. तुमच्याकडे हा फोटो आला तर तुम्हीही कळवा, आणि घरात कोणी पैसे पाठवत असेल तर आधी थांबवा.