नव्या कोचचं पहिलं वर्ष: कोलोरॅडो 2023 बघावं की इंडियाना 2024?

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीशी किंवा भाच्याशी शनिवारच्या सामन्याबद्दल चार शब्द बोलता यावेत म्हणून कॉलेज फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळायचं अमेरिकन फुटबॉल, समजून घ्यायचं असेल, तर सुटे सामने बघत बसू नका. नव्या कोचच्या पहिल्या वर्षाचा एक हंगाम धरा. संघ कसा उभा राहतो, कुठे फसतो, हे अशा वर्षात उघड दिसतं. अलीकडचे असे दोन हंगाम खूप गाजले: कोलोरॅडो विद्यापीठात डीऑन सँडर्स यांचा 2023 चा आणि इंडियाना विद्यापीठात कर्ट सिग्नेटी यांचा 2024 चा. माझं मत विचाराल तर पूर्ण हंगाम इंडियानाचा बघा. कोलोरॅडोचे दोन सामने मात्र चुकवू नका.

दोघांच्याही वाट्याला आलेले संघ तळाचेच. कोलोरॅडोने 2022 मध्ये 12 पैकी एकच सामना जिंकला होता, इंडियानाने 2023 मध्ये 12 पैकी तीन. इंडियानाचं दुखणं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं: शंभर वर्षांहून मोठ्या इतिहासात एका हंगामात 10 विजय त्यांना कधीच मिळाले नव्हते. सँडर्स हे खेळाडू म्हणून दिग्गज, जॅक्सन स्टेट विद्यापीठाचं कोचपद सोडून आलेले. सिग्नेटी साठी ओलांडलेले, अलाबामा विद्यापीठात नामवंत कोच निक सेबन यांच्या हाताखाली काम केलेले आणि जेम्स मॅडिसन विद्यापीठात सातत्याने जिंकलेले. आल्या आल्या पत्रकारांना त्यांनी सांगितलं, ‘मी जिंकतो. गूगल करून बघा.’

खरा फरक माणसं निवडण्यात आहे. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीमुळे, आता खेळाडू विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो, त्यामुळे नवा कोच दोन हंगामांच्या मधल्या काळात अख्खा संघ पालटू शकतो. सँडर्स यांनी तेच केलं. पहिल्याच बैठकीत जुन्या मुलांना पोर्टलचा रस्ता दाखवला आणि पन्नासहून जास्त नवे खेळाडू आणले. मुलगा शेड्यूर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकून आक्रमण चालवणारा, आणि सोबत ट्रॅव्हिस हंटर, जो आक्रमणातही खेळतो आणि बचावातही. सिग्नेटी यांनीही बाहेरून भरपूर मुलं घेतली, पण त्यातली तेरा जेम्स मॅडिसनची होती, आणि आक्रमण व बचाव सांभाळणारे दोन्ही प्रमुख सहायकही तिथलेच. पहिल्या दिवशी सरावाला उतरताना ही मुलं त्याच कोचची तीच पद्धत आधीच खेळलेली होती. माझ्या लेखी इंडियानाच्या यशाचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

आता कोलोरॅडोचे ते दोन सामने. पहिला 2 सप्टेंबर 2023 चा, टेक्सस ख्रिश्चनविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर. हा संघ त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. कोलोरॅडोने 45-42 असा विजय मिळवला, शेड्यूरने 510 यार्डांचे पास टाकले. हंटरने 11 झेल घेतले आणि बचावात असताना सूर मारून समोरच्याचा पासही पळवला. सुरुवातीचे तीनही सामने जिंकल्यावर सगळा देश कोलोरॅडोच्या बोल्डर गावाकडे बघू लागला. मग ओरेगॉनने 42-6 असं लोळवलं.

दुसरा सामना स्टॅनफर्डविरुद्धचा. मध्यंतराला 29-0 अशी आघाडी, आणि शेवटी दोन जादा डावांनंतर 46-43 अशी हार. त्यातला एक क्षण थांबवून परत बघा: पहिल्या जादा डावात स्टॅनफर्डचा एलिक आयोमॅनॉर हंटरच्या अंगावरून हात टाकतो आणि चेंडू हंटरच्याच हेल्मेटला टेकवून झेलतो. हंटरसारखा खेळाडू जवळ असूनही टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळालेले सहा गुण. हंगाम चार विजय, आठ पराभव असा संपला. शेड्यूरला पास सुटण्याआधीच पाडलं गेलं ते 52 वेळा. क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी एकमेकांना सरावलेले नव्हते. चेंडू टाकणारा कितीही चांगला असला, तरी त्याला टाकायला दोन-तीन सेकंद लागतातच.

इंडियानात हे गणित जमलं होतं. क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क ओहायो विद्यापीठातून आलेला, फारसा गाजावाजा नसलेला. पण ओळीने दहा विजय! नेब्रास्काला 56-7, मिशिगनला 20-15. मिशिगनचा सामना निवांत बसून बघा: दुसऱ्या अर्धात इंडियानाचं आक्रमण जवळपास ठप्प होतं आणि बचाव सामना राखतो. वेळापत्रक सोपं होतं अशी टीका झाली. ती सर्वस्वी चुकीची नाही, ओहायो स्टेटने 38-15 हरवलं तेव्हा मर्यादा दिसल्या. पंट करणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू लाथेने लांब समोरच्यांकडे मारणाऱ्याच्या, हातून चेंडू निसटला, मग एक पंट झेलून ओहायो स्टेटने 79 यार्ड पळत टचडाउन केला, आणि सामना हातचा गेला. प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद सामन्यांच्या, पहिल्या फेरीत नोट्र डामने 27-17 असं बाहेर काढलं. हंगामातले पराभव हे दोनच, आणि ते ज्यांनी केले तेच दोन संघ पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यात भिडले. म्हणून मी टीकाकारांच्या बाजूने नाही.

एक बाजू कोलोरॅडोची मांडायलाच हवी. 2024 मध्ये त्यांनी नऊ सामने जिंकले आणि हंटरला वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. एकाच माणसाचा अचाट खेळ हवा असेल, तर हंटरला तोड नाही. पण 2025 मध्ये हंटर आणि शेड्यूर व्यावसायिक फुटबॉलकडे गेले आणि संघ पुन्हा तीन विजयांवर आला. त्याच वर्षी इंडियाना 16 पैकी 16 जिंकून राष्ट्रीय विजेता झाला.

पुढचा हंगाम थेट बघणार असाल तर वेळेचं भान ठेवा. पूर्व किनाऱ्यावर दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला दिसतो, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. कोलोरॅडोचे रात्रीचे सामने रविवारी सकाळी चहाच्या वेळी येतात. बघताना पहिल्या काही चालींत चेंडूवरची नजर काढून क्वार्टरबॅकच्या पुढच्या त्या पाच गड्यांवर ठेवा.