दोन दिवसांत उतरलेली सूज: गाऊट आणि किडनीच्या रुग्णांना सावध करणारा एक अनुभव

गाऊट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा संधिवात, आणि किडनीचा विकार हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणाऱ्या रुग्णांना हेरून, त्यांना ‘जडीबुटी’च्या नावाखाली भलतेच औषध विकणारे लोक आपल्या भागात राजरोस फिरत आहेत. माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, त्यांनी जी फसवणूक केली ती पैशांपुरती असती तर मी एवढे सविस्तर लिहिले नसते. पैसे गेलेच, पण त्यांच्या किडनीचा जो भाग गेला तो आता परत मिळणार नाही, आणि म्हणूनच हा सापळा कसा रचला जातो हे जसे घडले तसे इथे मांडत आहे.

दादा एसटीच्या आगारातून निवृत्त झाले आणि कराडजवळच्या आमच्या गावी राहतात. वय 63. रक्तदाब बरीच वर्षे आहे आणि त्यातून किडनीवर परिणाम झालेला आहे. मागच्या वर्षीपर्यंत त्यांचे क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारे द्रव्य) 1.8 आणि ई-जीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज) 42 च्या आसपास स्थिर होते, म्हणजे विकार तिसऱ्या टप्प्यात होता. पथ्य, रक्तदाबाच्या गोळ्या आणि ठरावीक तपासण्या यांवर तो तिथेच थोपवून धरता येईल, असे किडनीच्या डॉक्टरांनी सांगितले होते. गाऊट नंतर आला. पायाच्या अंगठ्याचे मूळ लालबुंद होऊन टरारून सुजायचे आणि वेदना अशी की पायावर पांघरूणसुद्धा सहन होत नसे. वहिनींनी खाटेच्या पायथ्याला पाट उभा करून त्यावर चादर टाकायला सुरुवात केली, म्हणजे ती अंगठ्याला लागू नये.

हे दोन आजार एकत्र येणे नवलाचे नाही. शरीरात तयार होणारे युरिक ॲसिड सुमारे दोन-तृतीयांश किडनीवाटे बाहेर पडते. किडनी मंदावली की ते रक्तात साचते, आणि त्याचे प्रमाण दर 100 मिलिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहू लागले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसू लागतात. दादांचे युरिक ॲसिड 9.4 होते. डॉक्टरांनी ते कमी करणारे ॲलोप्युरिनॉल हे औषध अगदी कमी मात्रेने सुरू केले आणि दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिली ही की दुखले म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक अशी कोणतीही वेदनाशामक गोळी मेडिकलमधून आणून घ्यायची नाही. दुसरी ही की ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके वाढल्यासारखे वाटू शकतात, कारण सांध्यात जुने साचलेले स्फटिक विरघळू लागतात. तेवढ्यावरून ही गोळी सोडायची नाही, मात्रा हळूहळू वाढवत युरिक ॲसिड 6 च्या खाली आणायचे आहे.

फसवणूक करणाऱ्यांनी नेमकी हीच फट गाठली. गोळी सुरू होऊन काही आठवडे झाले होते, एक मोठा झटका येऊन गेला होता, आणि अशा वेळी तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ‘मोफत नाडीपरीक्षण आणि युरिक ॲसिड, किडनी तपासणी शिबिर’ भरल्याचा फलक लागला. दादा शेजारच्या एका काकांबरोबर तिथे गेले. तिथे रक्त घेतलेच नाही. हातात धातूची एक नळी घट्ट धरायला सांगितली, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली होती, आणि एखाद्या मिनिटात प्रिंटरमधून रंगीत पानांचा जाडजूड अहवाल बाहेर आला. तो अहवाल मी नंतर नीट पाहिला. त्यात किडनीचे चित्र होते, ‘मूत्रपिंड कार्यक्षमता’, ‘युरिक विषद्रव्ये’, ‘रक्तशुद्धी’ असे मथळे होते आणि प्रत्येकासमोर लाल पट्टी ओढलेली होती. क्रिएटिनिनचा आकडा मात्र कुठेच नव्हता, एककही नव्हते, आणि कोणत्याही पॅथॉलॉजिस्टची सही नव्हती. वैद्यकीय प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलेले आहे. मुठीत नळी धरून क्रिएटिनिन किंवा युरिक ॲसिड मोजणारे यंत्र अस्तित्वात नाही, एवढे जरी लोकांना ठाऊक असले तरी अशी निम्मी शिबिरे ओस पडतील.

अहवाल हातात ठेवून पांढरा कोट घातलेल्या माणसाने दादांना सांगितले की किडनी ‘शेवटच्या पायरीवर’ आहे आणि सहा महिन्यांत डायलिसिस लागेल. एकदा माणूस घाबरला की पुढचे सगळे सोपे होते. औषध म्हणून पुड्या दिल्या. वर गुळवेल, पुनर्नवा, गोखरू, कैशोर गुग्गुळ अशी नावे छापलेली. ही सगळी आपल्याकडची ओळखीची, विश्वासाची नावे आहेत, आणि तोच त्यांच्या निवडीमागचा हेतू होता. पाकिटावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, बॅच क्रमांकाच्या जागी नुसता एक शिक्का होता. पहिल्या महिन्याचे 3,800 रुपये घेतले आणि पावतीवर ‘हर्बल किट’ एवढेच लिहिले.

दुसऱ्याच दिवशी सूज उतरू लागली. दादांनी मला फोन करून सांगितले, “अगं, पाय पूर्ण टेकतोय जमिनीला, बघायला ये.” घरात सगळ्यांनाच आनंद झाला, आणि तो होणे साहजिकच होते, ज्या माणसाला मोरीपर्यंत जायला आधार लागत होता तो अंगणात चालत होता. यानंतर एका ‘आरोग्य सल्लागार’ मुलीचे फोन सुरू झाले. आवाज गोड, बोलणे अदबशीर, प्रत्येक वाक्यात ‘काका’. जेवलात का, झोप लागली का, हे ती आमच्यापेक्षा नियमितपणे विचारत असे. याच फोनवर तिने हळूच सांगितले, “काका, आता ती पांढरी गोळी बंद करा. तीच तुमची किडनी खातेय.” ॲलोप्युरिनॉल अशा रीतीने बंद झाले. मग सहा महिन्यांचा ‘शुद्धीकरण कोर्स’ एकरकमी घेतल्यास सवलत आहे म्हणून 27,000 रुपये यूपीआयने मागवले गेले, आणि ते कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात गेले.

इथे या लोकांची खरी हातचलाखी समजून घ्यायला हवी. ‘इंग्रजी औषधांनी किडनी खराब होते’ हे वाक्य ते सतत वापरतात, आणि ते अर्धे खरे असल्यामुळे लोकांना पटते. वेदनाशामक गोळ्यांनी किडनीला खरोखरच इजा होते: किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या उघड्या ठेवणारी द्रव्ये या गोळ्या अडवतात, आणि आधीच दुबळ्या झालेल्या किडनीला मिळणारे रक्त आणखी कमी होते. हे सत्य सांगून ते रुग्णाला त्याच्या उपयोगी पडणाऱ्या औषधापासून तोडतात आणि जिची भीती घालतात तीच वेदनाशामक गोळी पुडीत दळून त्याला रोज दोन वेळा देतात.

दोनेक महिन्यांनी वहिनींना दादांचा चेहरा बदललेला जाणवला. गाल भरले होते, चेहरा गोल दिसू लागला होता, भूक अतोनात वाढली होती, आणि भेटायला येणारे लोक ‘तब्येत सुधारली’ म्हणून अभिनंदन करत होते. वहिनींना मात्र ते लक्षण बरे वाटले नाही, कारण हातपाय बारीक होत चालले होते आणि हातावर जरासे काही लागले तरी काळेनिळे डाग पडत होते. रक्तदाब गोळ्या चालू असूनही 170 च्या वर गेला. साखर कधीच नव्हती, ती वाढलेली निघाली. पायांवर सूज आली आणि लघवी कमी झाली, तेव्हा आम्ही त्यांना घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. क्रिएटिनिन 2.9 आले. ई-जीएफआर 23 वर आलेला, म्हणजे विकार चौथ्या टप्प्यात.

डॉक्टरांनी चेहऱ्याकडे पाहताच पहिला प्रश्न विचारला की कुठली पुडी चालू आहे. त्यांनी सकाळच्या कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतः बनवते त्या स्टिरॉइडची, रक्ततपासणी करायला सांगितली आणि ते जवळजवळ नाहीसे झालेले निघाले. किडनीच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की त्या आपले काम थांबवतात. दादांना कोणत्याही डॉक्टरने स्टिरॉइड दिलेले नव्हते, त्यामुळे ते कुठून येत होते याचे उत्तर त्या रक्ततपासणीतच होते. पुढे उरलेल्या पुड्यांपैकी एक आम्ही खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतली. तिच्यात डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, दोन्ही सापडले.

एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज होईल. किडनीच्या रुग्णाला गाऊटचा झटका आला तर डॉक्टरही काही वेळा स्टिरॉइड देतात, कारण अशा रुग्णाला वेदनाशामके देता येत नाहीत आणि कोल्चिसिन या झटक्यावरच्या दुसऱ्या औषधाची मात्राही बेताने ठेवावी लागते. पण ते मोजक्या दिवसांसाठी, ठरलेल्या मात्रेत, साखर आणि रक्तदाब पाहून दिले जाते, आणि रुग्णाला त्याचे नाव माहीत असते. शिवाय स्टिरॉइडने सूज दबते, युरिक ॲसिड उतरत नाही. दादांचे दुखणे थांबलेले असताना त्यांचे युरिक ॲसिड 10 च्या वर गेले होते. स्फटिक साचतच होते, फक्त त्यांची हाक ऐकू येत नव्हती.

हा आयुर्वेदावरचा आक्षेप नाही. आमच्या गावातील जुने वैद्य, ज्यांच्याकडे तीन पिढ्या आम्ही जात आलो, त्यांना आम्ही ती पुडी दाखवली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकली आणि म्हणाले की वातरक्ताला, म्हणजे गाऊटला, गुळवेल देतात हे खरे, पण गुळवेलीने एका रात्रीत सूज उतरत नाही. जी उतरली ती गुळवेलीने उतरलेली नाही. किडनीचा रुग्ण असेल तर आपण स्वतः कोणतेही भस्म देण्याआधी रक्ताचा अहवाल मागतो, असेही त्यांनी सांगितले. प्रामाणिक वैद्याला या भेसळीचा जितका राग येतो तितका क्वचितच कुणाला येत असेल.

पुड्यांचा प्रकार उघड झाल्यावर आम्ही पैसे परत मागितले, तेव्हा दुसरा सापळा पुढे आला. ‘परतावा मंजूर झाला आहे, फक्त 4,500 रुपये जीएसटी आधी भरा’ असा फोन आला, पाठोपाठ मोबाईलवर एक लिंक आली. पैसे परत करणारा माणूस आधी पैसे मागत नाही. आम्ही ती लिंक उघडली नाही आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यानंतर पहिल्या काही तासांतच या क्रमांकावर कळवले तर समोरच्या खात्यात ते गोठवण्याची शक्यता असते. पुड्यांची पाकिटे, पावती, यूपीआयचे तपशील, तो रंगीत अहवाल आणि फोनवरचे संदेश असे सगळे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसोबत दिले आहे. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याखाली ज्या आजारांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही, त्यांच्या यादीत संधिवात आहे, मुतखडा आहे आणि ब्राइट्स डिसीज या जुन्या नावाने ओळखला जाणारा किडनीचा विकारही आहे. म्हणजे त्या मंगल कार्यालयाबाहेरच्या फलकाचा फोटो हासुद्धा पुरावा ठरतो. तो शेजारच्या काकांच्या मोबाईलमध्ये होता म्हणून आम्हाला देता आला. औषधाने झालेल्या अपायाची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक स्वतः करू शकतात.

दादांचे क्रिएटिनिन आता 2.2 वर आले आहे. पूर्वीच्या 1.8 वर ते पुन्हा येईल अशी आशा डॉक्टरांनी दाखवलेली नाही. ॲलोप्युरिनॉल पुन्हा कमी मात्रेने सुरू आहे, मध्ये एक झटका येऊन गेला, आणि या वेळी तो अपेक्षित आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात अशी पुडी चालू असेल, तर एक गोष्ट कृपा करून लक्षात घ्यावी: काही आठवड्यांहून अधिक काळ ती घेतलेली असल्यास घाबरून एका दिवसात परस्पर बंद करू नका. आत स्टिरॉइड असेल तर ते अचानक थांबल्यावर रक्तदाब एकदम कोसळणे, उलट्या, गळून जाणे असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो, कारण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल तोवर बंद पडलेले असते. पाकीट आणि उरलेल्या पुड्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, काहीही न लपवता सांगा, आणि कॉर्टिसॉल, क्रिएटिनिन, पोटॅशियम व साखर तपासून घ्या. दादांची पुडी डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली, पण तिच्या जागी मोजलेल्या मात्रेचे स्टिरॉइड देऊन ते कित्येक आठवडे उतरवत आणले, आणि त्या काळात ताप किंवा उलट्या झाल्यास ताबडतोब रुग्णालयात यायचे, असे वहिनींना कागदावर लिहून दिले होते.