14 महिने, नौपाड्यातल्या वकील मॅडम आणि माझा घटस्फोट

ऑगस्ट 2025 च्या पहिल्या आठवड्यात ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात माझा घटस्फोट झाला. आता निवांतपणे लिहिते आहे, कारण दोन वर्षांपूर्वी मी असंच कुणीतरी लिहिलेलं शोधत होते आणि मला फक्त जाहिराती सापडत होत्या.

थोडी पार्श्वभूमी. जानेवारी 2023 मध्ये मी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून ठाण्याला, पाचपाखाडीत आईबाबांकडे आले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, इथे आल्यावर दोन महिन्यांत नोकरी लागली. लग्न चिपळूणला झालं, संसार पुण्यात, मग केस ठाण्यात कशी, असं मला खूप जण विचारतात. हिंदू विवाह कायद्यात 2003 साली दुरुस्ती झाली आणि बायको जिथे राहते तिथेही तिला याचिका दाखल करता येऊ लागली. ही एक गोष्ट नसती तर दर तारखेला पुण्याला जाऊन मी नोकरी टिकवूच शकले नसते.

आधी पहिल्या वकिलांबद्दल लिहायलाच हवं. ओळखीतून मिळाले. 40,000 रुपये एकरकमी घेतले, पावती दिली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये याचिका दाखल झाली. त्यानंतर मी फोन केला की एकच उत्तर, ‘ताई, तुम्ही यायची गरज नाही, मी बघतो.’ मी विश्वास ठेवला. मे 2024 मध्ये लॅबमधल्या एका मैत्रिणीनं मोबाईलवर ई-कोर्ट्सचं, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणारं ॲप घेऊन दिलं आणि माझ्या केसचा 16 अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, टाकून दाखवला. सगळ्या तारखा समोर आल्या. मग कोर्टात जाऊन रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद, पाहिली. तीन तारखांना अर्जदार आणि वकील दोघेही गैरहजर. अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज तर दाखलच झाला नव्हता. आठ महिने मुलीच्या शाळेची फी बाबांच्या पेन्शनमधून जात होती आणि मी समजत होते की अर्ज कोर्टात पडून आहे. कोर्ट नाक्यावरून पाचपाखाडीपर्यंत मी त्या दिवशी चालत आले, रिक्षा करायचं सुचलंच नाही.

वकील मॅडमचं नाव आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी सुचवलं. नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर छोटं ऑफिस, एक ज्युनिअर मुलगी, एक टायपिस्ट. पहिल्या भेटीत मी रडत रडत सगळं सांगायला लागले. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि मग एक कोरा फुलस्केप पुढे ठेवला. म्हणाल्या, ‘आता तक्रारी नकोत. तारखा लिहा. कधी लग्न, कधी घर सोडलं, कधी पैसे दिले, कधी बंद केले.’ त्या एका पानाला मला दीड तास लागला, आणि माझी केस नक्की काय आहे हे मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधीच्या याचिकेत सासूबाई काय बोलल्या यावर दोन पानं होती. मुलीच्या शाळेच्या फीबद्दल एक ओळही नव्हती.

फीचं बोलायच्या आधी त्यांनी मला आणखी एक सांगितलं, ते मी प्रत्येकीला सांगते. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. शिवाय घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत महाराष्ट्रात 1994 पासून स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. ‘हे माहीत असू दे, मग ठरवा,’ म्हणाल्या. जी बाई पहिल्याच भेटीत आपल्याला फुकटचा रस्ता दाखवते, तिला पैसे देताना माझा हात आखडला नाही. एकूण 65,000 ठरले, चार टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याला पावती. झेरॉक्स, टायपिंग, नकला यांचे वेगळे साधारण पाच हजार गेले.

वकील बदलताना आधीच्या वकिलांची एनओसी लागते. त्यांनी ती अडवली आणि फाईलही देईनात, आणखी पैसे मागायला लागले. मॅडमनी त्यांना साध्या भाषेत पत्र लिहिलं. फीसाठी वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच सांगितलेलं आहे. पत्रात तेवढा एक दाखला होता, धमकी नव्हती. आठवड्याभरात फाईल आली. माझं लग्नाचं मूळ प्रमाणपत्र त्यात होतं. ते हातात पडेपर्यंत मला झोप नव्हती.

जुलै 2024 मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 चा अंतरिम पोटगीचा अर्ज लागला. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बाबांनी माझ्या नावावर अडीच लाखांची एफडी केली होती. ती दाखवायची नाही असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘ही लपवणार असाल तर मी या कागदाला हात लावणार नाही. उद्या उलटतपासात एफडी निघाली की तुमचं खरंही खोटं ठरेल.’ बाबा नाराज झाले, पण एफडी लिहिली.

त्याचा फायदा समोरून प्रतिज्ञापत्र आलं तेव्हा झाला. नवऱ्यानं पगार दाखवला होता, पण पुण्यातल्या दुसऱ्या फ्लॅटच्या भाड्याचा उल्लेख नव्हता. बँकेचे उतारे जोडलेले होते. मॅडमनी शिसपेन्सिल घेतली आणि पान उलटत दर महिन्याच्या 7 तारखेच्या आसपास जमा होणाऱ्या 14,000 भोवती गोल करत गेल्या. अकरा गोल झाले. एक शब्द बोलल्या नाहीत, नुसती पानं माझ्यापुढे सरकवली. कोर्टातही त्यांनी तेच केलं, आवाज न चढवता पान नंबर सांगितले. आपण काही लपवलेलं नाही म्हटल्यावर हे बोलायला केवढं बळ येतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

कायद्यात लिहिलंय की असा अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत निकाली काढावा. आमचा जानेवारी 2025 मध्ये निघाला. समोरच्यांनी ‘से’, म्हणजे अर्जावरचं लेखी उत्तर, द्यायलाच तीन तारखा घेतल्या. मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ‘सहा महिने धरून चला, साठ दिवसांवर घर चालवू नका.’ म्हणून त्रास झाला तरी धक्का बसला नाही. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळाली, त्यामुळे मागची थकबाकीही आली आणि शाळेची फी बाबांना परत देता आली.

समुपदेशनाची मला फार भीती होती. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात आणि आत वकील बसत नाही. खरं तर 1984 च्या कायद्यानुसार या न्यायालयात वकील हा हक्कच नाही, परवानगी घ्यावी लागते. आदल्या संध्याकाळी मॅडमनी अर्धा तास फोनवर समजावलं. काय बोलायचं ते पढवलं नाही, फक्त म्हणाल्या, ‘मुलीबद्दल विचारतील तेव्हा नवऱ्याबद्दल बोलू नका, मुलीबद्दलच बोला.’ तसं केलं. तिथे आम्ही दोघं दीड वर्षानंतर पहिल्यांदा न भांडता बोललो.

दरम्यान नातेवाइकांचा धोशा होता की सगळ्या सासरवर पोलिसात तक्रार कर, सांगलीच्या नणंदेचंही नाव घाल. मॅडमनी विचारलं, ‘नणंदेनं काय केलं? तारीख सांगा.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो विषय तिथेच संपला. ज्या बाईवर खरोखर अत्याचार झालाय तिनं तक्रार करायलाच हवी, मॅडमनी अशा केसेस लढवल्यात. पण माझी केस ती नव्हती आणि त्यांनी ती तशी बनवली नाही.

एप्रिल 2025 मध्ये समोरून संमतीनं घटस्फोटाचा प्रस्ताव आला. मी अडून बसले होते. मला क्रूरता सिद्ध झालेली हवी होती, निकालात लिहिलेली. मॅडमनी दोन्ही रस्ते मांडले. लढलो तर पुरावा, उलटतपासणी, मग कदाचित अपील. संमतीनं केलं तर कलम 13ब मधली सहा महिने थांबायची मुदत माफ करायचा अर्ज करता येतो, 2017 च्या अमरदीप सिंग निकालात त्याच्या अटी दिल्यात. आम्ही दोन वर्षांहून जास्त वेगळे राहत होतो, त्यामुळे आमचं त्यात बसत होतं. मग म्हणाल्या, ‘मी दोन्हीला तयार आहे. घाई करू नका, पंधरा दिवस घ्या.’ मी महिना घेतला. त्या महिन्यात त्यांचा एकदाही फोन आला नाही.

मी संमतीला तयार झाले. आणि मग ते कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य करायच्या लेखी अटी. मला विचाराल तर मॅडमचं खरं काम इथे दिसलं. समोरून आलेल्या मसुद्यात मुलीच्या भेटीबद्दल होतं, ‘महिन्यातून दोन शनिवार आणि सणासुदीला परस्पर सहमतीने’. मला वाचायला बरं वाटलं. मॅडमनी विचारलं, ‘गणपती कुणाकडे बसतो?’

चिपळूणला, सासरी. मुलीचा तो सगळ्यात आवडता सण.

‘मग ती जाणार का? कधीपासून कधीपर्यंत? न्यायला कोण येणार, कुठे? तिकिटं कोण काढणार? गौरी विसर्जनाला थांबणार की दीड दिवसानं परत? शाळा बुडली तर? तिथे ताप आला तर तुम्हाला कोण कळवणार?’

मी गप्प. एकेक उत्तर शोधायला आम्हाला दोन बैठका लागल्या. शेवटी कलम असं झालं: चतुर्थीच्या आदल्या दिवशी वडिलांनी ठाणे स्टेशनवर मुलीला ताब्यात घ्यायचं, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत घरी आणून सोडायचं, रोज संध्याकाळी आईशी एक व्हिडिओ कॉल. दिवाळीचं लक्ष्मीपूजन एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. मुलीच्या पासपोर्टच्या अर्जावर दोघांच्या सह्या. शाळेची फी दर जूनमध्ये किती टक्क्यांनी वाढेल तेही. मसुदा इंग्रजीत होता, मॅडमनी आईबाबांना समोर बसवून प्रत्येक ओळ मराठीत सांगितली आणि मगच माझी सही घेतली.

तक्रारीही आहेत. ऑफिसला लिफ्ट नाही, माझ्या आईच्या गुडघ्यांना तो जिना जड जायचा. रात्री आठनंतर फोन उचलत नाहीत, निरोपाला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, आणि कोर्टाच्या आदल्या रात्री ते फार जाचतं. दोन तारखांना फक्त ज्युनिअर आली आणि तिला फाईल नीट माहीत नव्हती, पुढची तारीख पडली. हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी मान्य केलं, तिसऱ्यांदा तसं झालं नाही.

हुकूमनाम्याच्या, म्हणजे घटस्फोटाच्या कोर्टाच्या आदेशाच्या, तीन प्रमाणित नकला काढून ठेवा. बँक, शाळा, पासपोर्ट, जो तो मूळ नक्कल बघायला मागतो. नंतर अर्ज करत बसलात तर पुन्हा हेलपाटे.

26 ऑगस्टला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, मी मुलीला घेऊन ठाणे स्टेशनवर गेले. तो तिकिटं घेऊन उभा होता. आम्ही दोन वाक्यं बोललो, तिची औषधाची पिशवी मी त्याच्याकडे दिली. 3 सप्टेंबरला पावणेआठला दारावरची बेल वाजली. मुलीच्या हातात डब्यातले मोदक होते, आजीनं माझ्यासाठी दिलेले.