‘लेसर’ सांगून सुईवाल्या डिस्क गळ्यात मारल्या

काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आणलेला लेसरडिस्क प्लेअर, म्हणजे मोठ्या डिस्कवरचा पिक्चर लेसरनं वाचून दाखवणारं जुनं यंत्र, आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी अजून चालतो. डिस्क मात्र पाचच उरल्यात, म्हणून जुना माल विकणाऱ्या एकाला सांगून ठेवलं होतं. महिन्याभरानं त्याचा फोन. "दादा, बारा लेसरडिस्क आल्यात. लक्ष्मीपुरीत या."

एकेक डिस्क चपट्या प्लॅस्टिकच्या पेटीत. उघडायला गेलो तर गड्यानं हातच धरला. "उघडू नका, धूळ बसली की खलास! प्लेअरच आतली डिस्क काढून घेतोय." यातला शब्द न् शब्द खरा होता, तिथंच मी गंडलो. माप बारा इंच, वर ‘व्हिडिओडिस्क’ छापलेलं, पिक्चर सगळे हॉलिवूडचे. 4,800 रुपये तिथल्या तिथं फोनवरून दिले.

घरी पेटी प्लेअरमध्ये जाईच ना. शेवटी कड सैल करून डिस्क ओढली, तर काळी कुळकुळीत! ग्रामोफोनची तबकडी जशी.

ही सीईडी, म्हणजे कपॅसिटन्स इलेक्ट्रॉनिक डिस्क. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं 1981 साली बाजारात आणलेली. लेसरचा हिच्याशी काडीचा संबंध नाही. बारीक खाचेतून सुई फिरते, सुईवरचा इलेक्ट्रोड कपॅसिटन्समधला (विद्युतभार साठवायच्या क्षमतेतला) फरक टिपतो आणि त्यातून चित्र उमटतं. धूळ, बोटांचे ठसे चालत नाहीत म्हणून ती पेटी. 1984 मध्ये आरसीएनं प्लेअर बनवणंच थांबवलं. जपानच्या जेव्हीसी कंपनीची व्हीएचडी ही व्हिडिओ डिस्कसुद्धा पेटीतली आणि सुईचीच, फक्त तिला खाच नाही.

लेसरडिस्क 1978 पासूनची. तीही बारा इंची, पण चकचकीत, उजेडात धरली की सीडीसारखे रंग दिसतात. येते एलपीसारख्या पुठ्ठ्याच्या कव्हरात. कडेला धरून खुशाल बाहेर काढून बघा. दुकानदार ‘उघडू नका’ म्हणाला की पैसे खिशातच राहू देत.

त्याला फोन केला. म्हणाला, "डिस्क म्हणजे डिस्क, परत घेत नाही." त्याला माहीत नव्हतं असं मला वाटत होतं, पुढचं वाक्य ऐकेपर्यंत.

"त्याचा प्लेअर हाय की माझ्याकडं. तीस हजार द्या."

"चालतो का?"

"चालतोय की! सुई तेवढी तुम्ही बघा."